उचलून बघणारी माणसं

जयवंता सिस्टरांनी आधी गड्डममामांचं मशीन उचललं. दोन्ही हातांनी, गुडघे जरा वाकवून, खाटेवरचा पेशंट स्ट्रेचरवर घ्यावा तसं. तोंडातून "हं" निघालं. गड्डममामांनी समाधानानं मान हलवली. मग सिस्टरांचा हात माझ्या मशीनकडं वळला आणि माझं डोकं सटकलं.

"सिस्टर, आपण कलिंगड घ्यायला बसलोय का?"

"का गं?"

"नाही, उचलून बघायलाय म्हणून विचारलं. ऐकायची वस्तू आहे ती. वाजवा आणि ऐका की."

"रेणा," आप्पा हळूच म्हणाले. माझे वडील, हणमंता विटकर, दाराजवळ उभे होते. सोफ्यावर बसा म्हणून सिस्टर मघापासून सांगत होत्या, तरी बसले नव्हते. या घरातली फरशी त्यांनीच बसवलेली, आणि आपण बसवलेल्या फरशीवर पाहुणा म्हणून टेकायला त्यांना कधी जमलं नाही.

"बोलू दे तिला, हणमंता," गड्डममामा म्हणाले. "ज्याच्याकडं वजन नसतं तो वजनावर चिडतोच."

ही सोलापूरच्या जुळे सोलापूर वस्तीतली दुपार आहे, आणि तिला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा घरोघरी भिंतीला चिकटणारे पातळ टीव्ही नुकते आले होते. चित्र झकास आणि आवाज डब्यात खडे हलवल्यासारखा. मी आमच्या घराच्या पुढच्या खोलीत अॅम्प्लिफायर जोडायची. म्हणजे स्पीकरला ताकद देणारा डबा. माझा डबा डिजिटल इनपुटचा होता. टीव्हीच्या मागं एक भोक असतं, त्यातून लाल उजेड येतो. त्या उजेडाची तार माझ्या मशीनमध्ये खोचली की गाणं आकड्यांच्या रूपात सरळ आत येतं आणि आतच त्याचा आवाज होतो. वाटेत कुठं खरखर नाही, घूं नाही. कॉम्प्युटर असेल तर यूएसबीची तार. लॅपटॉपच्या चार्जरसारख्या चार्जरवर चालायचं. परदेशी मशीनच्या नुसत्या खोक्याच्या भावात मी अख्खं मशीन देत होते. साध्या माणसाला घरात बसून चांगलं ऐकता यावं, एवढाच माझा हट्ट होता.

मी दहावी नापास. जे शिकले ते इंटरनेटवर बघत आणि बोटं भाजून घेत शिकले. शिकवा म्हणून ज्यांच्या ज्यांच्याकडं गेले त्यांनी हाकललं, आणि हाकलणाऱ्यांत हे गड्डममामा, अंबादास गड्डम, पहिले. गावाच्या पूर्व भागात त्यांचं दुकान, गावभर त्यांची मशिनं. "पोरीच्या जातीला सोल्डरचा धूर सोसत नाही," म्हणाले होते. त्यांच्या दुकानाच्या गल्लीत घराघरांत बाया दिवसभर विड्या वळतात. त्यांना तंबाखू सोसतो, मला सोल्डर सोसत नाही. तेव्हापासून हा माणूस माझ्या डोक्यात बसला होता.

आणि आम्ही वडार. आजा खाणीत दगड फोडायचा, बाप फरशी बसवतो. नातेवाईक विचारायचे, आपलं काम सोडून ही पोर तारा कसल्या जोडतीय? मी मनाशी ठरवलं होतं, दगडाला हात लावायचा नाही. दगडानं आमच्या घरातल्या किती जणांच्या पाठी मोडल्या ते मी बघितलं होतं.

पण गिऱ्हाईक यायचं आणि काय करायचं? मशीन उचलायचं. सोलापुरात अॅम्प्लिफायर असाच घेत. जुन्या मशिनांत लोखंड-तांब्याचा ट्रान्सफॉर्मर असायचा, जेवढा मोठा तेवढी ताकद. तेव्हा ते बरोबरच होतं. पुढं मशिनं बदलली, माणसांचे हात बदलले नाहीत. माझं मशीन उचलायचे, ते पटकन वर यायचं, आणि माणूस असा हसायचा की जणू मी त्याला रिकामं पाकीट दिलंय. "खेळण्यातलं आहे होय?" म्हणत ठेवून जायचे. वाजवून बघा म्हटलं तरी थांबायचे नाहीत. कान असून बहिरी माणसं.

शेवटी एकदा आप्पा म्हणाले, "तू कर. विकायचं माझ्यावर सोड. मी घराघरांत फरशी बसवायला जातो, नवं घर झालं की नवा टीव्ही येतोच." मी मशीन जोडायची, तपासायची आणि उघडंच त्यांच्या पुढ्यात ठेवायची. झाकणाचे स्क्रू ते आवळायचे, गोणपाटात बांधायचे, गाडीवर न्यायचे. अधूनमधून एखादं खपायला लागलं. मला वाटलं, आली लोकांना अक्कल. ऐकायला लागले.

तेवढ्यानं धंदा उभा राहत नाही. दिवाळीपर्यंत बघायचं, नाहीतर हे बंद करून चुलतभावाच्या साड्यांच्या दुकानात काउंटरला उभं राहायचं, असं घरात ठरलं होतं. जयवंता सिस्टर म्हणजे माझी शेवटची आशा. सरकारी दवाखान्यातून नुकत्याच रिटायर झालेल्या, गाण्याच्या वेड्या. रिटायर झालेल्या सगळ्या नर्सबायांचा त्यांचा ग्रुप होता, आणि मिक्सर असो की मुलीचं स्थळ, सिस्टर चांगलं म्हणाल्या की सगळ्या चांगलं म्हणायच्या. आप्पांनी माझ्यासाठी शब्द टाकला, शेजाऱ्यांनी गड्डममामांसाठी. सिस्टर म्हणाल्या, दोघंही मशीन घेऊन घरी या, ऐकते आणि ठरवते.

तर अशी ती दुपार. सिस्टरांनी माझं मशीन उचललं, जरा खालीवर केलं आणि म्हणाल्या, "हे पण चांगलं भरीव आहे की."

मला वाटलं माझं मन राखायल्यात. त्यानं तर मी आणखी पेटले.

"सिस्टर, उगाच गोड बोलू नका. माझ्या मशीनमध्ये लोखंड नाहीच. पावाच्या लादीएवढं हलकं आहे ते, आणि मला त्याची लाज वाटत नाही. लोकांना फसवायला आत जडजड भरणाऱ्यांतली मी नव्हे."

शेवटचं वाक्य मी गड्डममामांकडं बघून म्हणाले.

सिस्टर माझ्याकडं बघत राहिल्या. मग मशीन परत उचललं. "पावाची लादी? अगं, मी जन्मभर माणसं उचलली. माझ्या हाताला कळतं. हे गव्हाच्या पिशवीसारखं लागतंय."

"असं कसं होईल?"

"तूच बघ."

मी एका हातानं घ्यायला गेले आणि माझं मनगट खाली गेलं. माझंच मशीन, आणि माझ्या हाताला अनोळखी.

"आधी वाजवून बघा की, सिस्टर," आप्पा दारातून म्हणाले. त्यांचा आवाज असा झाला होता की मी वळून बघायला हवं होतं. मी बघितलं नाही.

"उघड," सिस्टर म्हणाल्या.

गड्डममामांनी खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून माझ्यापुढं धरला. त्यांच्या तोंडावर हसू होतं. मी स्क्रू काढले, झाकण उचललं.

आत फरशी होती. शहाबादी. तळाला बसवलेली, आणि काय बसवलेली. तारांच्या सर्किट बोर्डाचे पाय जिथं टेकतात तिथं नेमकी भोकं पाडलेली. हवा खेळावी म्हणून मधून पन्हळ काढलेली. वरून पॉलिश, आणि चारी कडा घासून गोल केलेल्या, श्रीमंतांच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या करतात तशा. एक तार दबलेली नव्हती.

ज्या दगडापासून मी पळाले होते तो माझ्या मशीनच्या पोटात बसला होता.

"हे काय गं?" सिस्टर म्हणाल्या.

"दगड."

"ते दिसतंय. दगड विकतेस होय?"

"मला माहीत नव्हतं."

"मशीन तू केलंस ना? मग माहीत कुणाला असणार?"

"मी घातला," आप्पा म्हणाले. "पोरीला ठाऊक नाही, सिस्टर. देवाशपथ नाही."

"हणमंता, तू गप. बाप पुढं होणारच." सिस्टर उठल्या. वॉर्डात असंच बोलत असणार त्या, आवाज न चढवता. "मघाशी केवढं बोललीस गं. मी फसवणाऱ्यांतली नव्हे म्हणे. मी तुझं नाव माझ्या बायांना सांगणार होते. आता पण सांगेन, पण काय सांगायचं ते वेगळं. घ्या आवरून."

मी आवरायला लागले नाही. मी असल्या वेळी रडत नाही, मी भांडते. "दगड आहे ते खरं," मी म्हणाले. "मी घातला नाही तेही खरं. पण लोक उचलून बघतात म्हणून तो आत गेला. तुम्ही पण उचलूनच बघितलं. कान आधी लावला असता तर..."

"म्हणजे चूक माझी?"

"थोडी तुमची पण."

"रेणा," आप्पा म्हणाले, आणि खाली आपल्याच फरशीकडं बघायला लागले.

सगळं संपलं होतं. गड्डममामांनी तोंड उघडायची पण गरज नव्हती. नुसतं बसून राहिले असते तर सिस्टरांचं घर, सगळा ग्रुप, उरलेलं गाव, सगळं त्यांचंच होतं. मी त्यांच्याकडं बघितलं. मघाचं हसू कुठं गेलं होतं कोण जाणे. ते माझ्याकडं बघत नव्हते, माझ्या मशीनकडं पण नाही.

"सिस्टर, जरा थांबा," ते म्हणाले. माझ्या हातातला स्क्रूड्रायव्हर काढून घेतला, स्वतःचं मशीन पुढं ओढलं आणि आरामात, एकेक स्क्रू काढून टेबलावर ओळीनं ठेवत, झाकण उघडलं.

आत पोळपाटाएवढा ट्रान्सफॉर्मर होता. काळाकुट्ट, एका बाजूनं जळून करपलेला. त्याची एकही तार कुठं जोडलेली नव्हती. आणि एका कोपऱ्यात, दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढा बोर्ड. मी वापरायची त्याच जातीचा. फक्त उजेडाचं भोक तेवढं नव्हतं.

मी तो बोर्ड बघतच राहिले. हा म्हातारा जुनंपानं घेऊन बसलाय असं मी गावभर सांगत फिरायची.

"हा मेलाय," गड्डममामा ट्रान्सफॉर्मरवर टिचकी मारत म्हणाले. "काही करत नाही. नुसता बसतो, आमच्या मोठ्या जावयासारखा."

सिस्टरांना हसू आलं, पण त्यांनी दाबलं. "मामा, तुम्ही पण?"

"माझ्याकडं जळके ट्रान्सफॉर्मर पडलेत, मी ते घालतो. हणमंता फरशीवाला, त्यानं फरशी घातली. ज्याच्या घरात जे." मग जरा थांबून म्हणाले, "लोकांच्या हाताला काहीतरी लागतं, सिस्टर. नाहीतर कानाला पटत नाही त्यांच्या. हलकं मशीन ठेवून बघितलं मी दुकानात. परत यायची मशिनं. म्हणे आवाजात दम नाही. तेच मशीन, आत हे मढं ठेवलं, म्हणे आता कसं. पण पोरीचं खरं आहे. तिनं घातलं नाही. माझ्यासारखं जिनं घातलंय ती अशी बोंबलत येणार नाही वजनावर. मी चिडलो का मघापासून वजनावर?"

सिस्टर खुर्चीत टेकल्या. मग त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "आमच्या वॉर्डात म्हाताऱ्या यायच्या. गोळी दिली की म्हणायच्या, सुई द्या, गोळीनं काय होतंय. मग पाण्याचं इंजेक्शन द्यायचो आम्ही. नुसतं पाणी. लगेच उठून बसायच्या, चहा मागायच्या."

"मग?" गड्डममामा म्हणाले.

"मग काय? मी दिलंय ते पाणी. पण मला नका देऊ. काढा दोघंही. ते मढं पण काढा आणि तो दगड पण काढा. रिकामी मशिनं लावा."

आप्पा पुढं आले. त्यांनी खालून दोन स्क्रू काढले आणि फरशी अशी सोडवली की बोर्ड जागचा हलला नाही. ती शर्टाच्या टोकानं पुसली आणि भिंतीला टेकवून ठेवली. गड्डममामांचा ट्रान्सफॉर्मर काढायला जास्त वेळ लागला. गंजला होता.

आधी मामांचं मशीन लावलं. टीव्हीला त्यांच्या तारेसाठी भोकच नव्हतं, म्हणून सेटटॉप बॉक्सला जोडलं. लागलं, चांगलं लागलं, पण गाण्याच्या मागं पंखा चालू असल्यासारखी बारीक घूं होती, आणि सिस्टरांनी पेनड्राइव्हवर जमवलेली गाणी टीव्हीतून वाजवायची तर सोयच नव्हती. मामांनी स्वतःच तार काढली. "माझं झालं."

मग मी उजेडाची तार खोचली. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन आवाज त्या वाटेनं सोडला. सिस्टरांनी पेनड्राइव्हवरचं एक जुनं रेकॉर्डिंग लावलं. कुणा बाईनं गायलेला ललत राग. आधी नुसते तंबोरे, मग ती बाई गायला लागायच्या आधीचा क्षण.

सिस्टर एकदम पुढं वाकल्या. "ही श्वास घेतीय," म्हणाल्या. "हे मी आजवर ऐकलं नव्हतं. इतक्या वेळा ऐकलंय हे गाणं, ही श्वास घेताना नाही ऐकली." मग डोळे मिटले. जन्मभर लोकांचे श्वास मोजलेली बाई होती ती. आलाप संपल्यावर डोळे न उघडताच म्हणाल्या, "हे राहू दे इथं. आणि पोरी, माझ्या बायांना मशीन देशील तेव्हा आधी तोंडावर सांगायचं. हलकं आहे, आत काही नाही. पटलं तर घेतील."

"सांगेन."

"आणि जरा गोड बोलायला शीक."

"ते जमणार नाही," मी म्हणाले. या वेळी त्या मोकळ्या हसल्या.

बाहेर आप्पा गाडीवर गोणपाट बांधत होते. गड्डममामा त्यांच्या स्कूटरपाशी. मी त्यांच्याकडं गेले.

"मामा, मला तुमची दया नको होती."

"तुझ्यावर कोण दया करतंय?"

"मग कशाला उघडलं? उद्या सगळ्या गावाला कळेल तुमच्या मशीनमध्ये काय आहे. सिस्टर काय पोटात ठेवणार आहेत?"

"नाही ठेवायच्या. बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही." त्यांनी स्कूटरला किक मारली, ती लागली नाही. "तू मशीनकडं बघत होतीस, पोरी. मी हणमंताकडं बघत होतो. तसं तोंड झालेलं माणूस बघून मला तिथं बसून राहता येईना. बास. यात तुझं काही नाही." दुसऱ्या किकला स्कूटर लागली. जाता जाता म्हणाले, "तो लाल उजेड आत कसा घ्यायचा ते दाखव एकदा. दुकानात ये. धुराचं मी चुकीचं बोललो होतो."

एवढंच. ना माफी, ना आशीर्वाद. गाव माझ्याशी जन्मभर वाईट वागलं असं मी सांगत आलेय, आणि ते खोटं नाही. पण त्या माणसानं जळका ट्रान्सफॉर्मर भर दुपारी टेबलावर काढून ठेवला, आणि पुढं त्याची मशिनं खरंच कमी खपली, आणि माझी चालली. त्यानं मला ते एकदाही बोलून दाखवलं नाही. मी ते रोज स्वतःला बोलून दाखवते.

घरी आल्यावर आप्पांनी अंगणात गाडी लावली, पिशवीतून फरशीचा तुकडा काढला आणि तो कुठं ठेवावा हे न कळल्यासारखे उभे राहिले. मला खूप बोलायचं होतं. रस्ताभर मी शब्द जुळवत आले होते. माझी अक्कल, माझं नाव, माझा धंदा. सगळं तयार होतं.

"किती मशिनांत घातलंय?" मी विचारलं.

"तू मला विकायला दिलीस त्या सगळ्या."

"आणि लोक उचलून घ्यायचे."

"हो." मग घाईनं म्हणाले, "पण वाजवून पण दाखवायचो गं. खोटं नाही. वाजवल्याशिवाय एक दिलं नाही."

मी तो तुकडा त्यांच्या हातातून घेतला. बोट कडेवरून फिरवलं. आरशासारखी. एवढं काम करायला त्यांना दिवसाच्या कामानंतर किती वेळ बसावं लागलं असेल, आणि कुठं, मला पत्ता न लागता. तयार केलेले सगळे शब्द होते तिथंच राहिले.

"आप्पा, नुसता दगड टाकायचा होता ना वजनाला? मग कडा कशाला गोल केल्या? आत कोण बघणार होतं?"

"तू कधीतरी उघडशील असं वाटायचं," आप्पा म्हणाले. "हात कापला असता तुझा."